न वाजवलेल्या दोन ओळी

८ जानेवारी

प्रिय पान्या,

तुझं नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. अडतीस वर्षांची अडतीस कार्डं झाली आणि प्रत्येकावर एकच ओळ: ‘इकडे सर्व ठीक, तुझंही ठीक असेल.’ अरे, लोकांचे पियानो सुरात लावत फिरतोस, स्वतःची एक पट्टी बदलायला काय होतं तुला? म्हणून या वर्षी मी कार्ड पाठवत नाही, पत्र लिहितेय. चष्मा लाव आणि बसून वाच.

एप्रिलमध्ये मी संगीतशाळेतून निवृत्त होतेय. पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बाळराजांची ती सोपी पियानो सोनाटा किती पोरांच्या हातून मरताना पाहिली, त्याची गणती नाही. नवशिक्यांसाठी म्हणून खुद्द बाळराजांनीच लिहून ठेवलंय ना, त्यामुळे प्रत्येक आईला वाटतं, आपल्या लेकराला ती महिन्याभरात यायलाच हवी. जरा मिसरूड फुटलेला कुणी आला की तो बहिऱ्या आजोबांची चांदण्यातली मागतो. तिचा चांदण्याशी काही संबंध नाही, ते नाव आजोबा गेल्यावर दुसऱ्याच कुणी चिकटवलं, हे मी दर वर्षी सांगते. पालथ्या घड्यावर पाणी.

बघ, मामांचीच नावं आली लिहिता लिहिता. मी नऊ वर्षांची होते, आईनं बोट धरून मला शिकायला म्हणून मामाच्या घरी आणून सोडलं. तुझ्या अप्पांनी त्या थोर संगीतकारांना अशी घरगुती नावं दिली नसती तर मी त्यांच्या तसबिरींना घाबरूनच पळाले असते. बाळराजे, बहिरे आजोबा, आणि आपला लाडका चष्मेवाला. एकतिसाव्या वर्षी गेला बिचारा, आणि जायच्या दोन महिने आधी चार भागांची ती शेवटची सोनाटा लिहून ठेवली.

तर तीच. मामांचं कपाट परवा आवरायला काढलं. ते जाऊन दहा वर्षं झाली, पण माझं धाडस होत नव्हतं. त्या सोनाटाची आपली जुनी प्रत निघाली. पहिल्या भागाच्या सहाव्या पानावर दुहेरी रेघ आणि दोन ठिपके आहेत ना, म्हणजे ‘परत पहिल्यापासून वाजवा’, ते मामांनी निळ्या पेन्सिलनं खोडलेलं. मामा कधीच परत मागं जाऊ द्यायचे नाहीत. त्या रेघेच्या अलीकडे दोन ओळी आहेत. मागं जायचं असेल तरच त्या वाजवायच्या असतात, दुसऱ्या खेपेला त्या सोडून पुढं जायचं. आपण मागं कधी गेलोच नाही, म्हणून त्या दोन ओळी आपल्या घरात कधी वाजल्याच नाहीत. मी त्या काल पहिल्यांदा वाजवल्या. बासष्टाव्या वर्षी! पान्या, सगळ्या सोनाटात नाही असं काहीतरी त्या दोन ओळींत आहे रे.

अठरा एप्रिलला माझा निरोपाचा कार्यक्रम आहे, शाळेच्या त्याच जुन्या सभागृहात. मी ही सोनाटा वाजवणार, आणि या वेळी मागं जाऊन, पूर्ण. डोळे अधू झालेत, पानं उलटायला माणूस हवा. तो माणूस तू.

त्या संध्याकाळचं मनात धरू नकोस. चूक कुणाच्याही हातून होते. मी ती केव्हाच विसरले.

तुझी,
ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,

पत्र मिळालं. आठवडाभर कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. शेवटी बायको म्हणाली, “एक तर उत्तर लिहा, नाहीतर कोट धुवायला तरी द्या.”

तुझ्या पत्रानं फार मागं नेलं. परवा एका शाळेत पियानो लावत होतो. खालचे स्वर झाले, मधले झाले, आणि मग हात आपोआप त्या सोनाटाच्या पहिल्या चार स्वरांवर गेले. मला तेवढंच येतं. अप्पांनी दोन वर्षं माझ्याशी झटापट केली आणि मग जाहीर केलं, “याचे कान चांगले आहेत, हात कुणाचे तरी उसने आणलेत.” मग मला तुझ्या डाव्या बाजूला स्टुलावर बसवलं. पानं उलटायचो म्हणून मी पान्या झालो. पुढं धंद्यात हातात खरंच पाना आला, नाव सार्थकी लागलं.

अप्पांचे नियम अजून पाठ आहेत. ओळ संपायच्या आधी उठायचं. डावा हात, वरचा कोपरा, दोन बोटं. कागदाचा आवाज नाही, बाहीची सावली नाही. “पान उलटणारा लोकांना दिसला की तो चुकला,” म्हणायचे. खिडकीखालचा तो पियानो, त्यावर दुपारचं ऊन आलं की तू डोळे बारीक करायचीस आणि मी उभा राहून सावली करायचो. ते ऊन अजून तसंच येतं का?

पण ताई, सरळच विचारतो. तेच सभागृह, तीच सोनाटा, तेच सहावं पान, आणि शेजारी मीच. हे सगळं तू मुद्दाम जुळवून आणलंस का? जाब विचारायचा असेल तर पत्रात विचार. चारचौघांत नको.

तुझा,
पान्या


३ फेब्रुवारी

प्रिय पान्या,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे! मी तुला पानं उलटायला बोलावलं, फासावर चढायला नाही. आणि मला ‘ती.’ लिहू नकोस, दोनच वर्षांनी मोठी आहे मी. उगीच म्हातारी करतोस.

ऊन तसंच येतं. पियानोच्या झाकणावर त्याचा पट्टा पडून रंग उडालाय. तिथंच मामांच्या कपाचं वर्तुळ आहे. वर काही ठेवू नका म्हणून आपल्याला ओरडायचे आणि स्वतःचा कप मात्र तिथंच. त्या वर्तुळावरून मी पुसतसुद्धा हलक्या हातानं.

तुला ती मशालीची गोष्ट आठवते? बहिऱ्या आजोबांच्या अंत्ययात्रेत आपला चष्मेवाला मशाल धरून चालला होता, आणि पुरती दोन वर्षंही झाली नाहीत तोवर स्वतः गेला. ती सोनाटा छापली गेली तीसुद्धा तो जाऊन दहा-अकरा वर्षं झाल्यावर. मामा हे सांगायला लागले की तू रडायचास. मग मामा म्हणायचे, “रडतोस काय, पान उलट.” आणि बहिऱ्या आजोबांच्या शेवटच्या सोनाटाचे दोनच भाग, म्हणून छापणाऱ्यानं विचारलं, ‘तिसरा भाग नकलून घ्यायचा राहिला का हो?’ यावर आपण दोघं पोट धरून हसायचो. रोज तीच गोष्ट आणि रोज तेवढंच हसू.

मागं जाऊ न देण्याचं कारण मी मामांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, “तेच तेच ऐकून लोक कंटाळतात.” पण लोक होते कुठं आपल्याकडे? त्या खोलीत आपण तिघंच. मला वाटतं, तुझी आई गेल्यापासून त्यांना मागं जाणं जमायचं नाही, कशातच. मी चुकत असेन. तू गेल्यावरही त्यांच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं एका घरात काढली तरी खरं काय ते मला विचारता आलं नाही.

आता त्या दोन ओळींबद्दल. त्या सोनाटात अगदी खाली, डाव्या हाताला, एक हळू थरथर येते ना, तू तिला ‘पोटातली भीती’ म्हणायचास, ती सगळीकडे दबक्या आवाजात येते. फक्त या दोन ओळींत ती एकदाच मोठ्यानं येते. इतक्या मोठ्यानं की मी स्वतःच दचकले. आणि मग लगेच सगळं पहिल्यापासून सुरू, काही झालंच नाही असं.

तू यायलाच हवंस. कळव.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

एप्रिल महिना फार धावपळीचा असतो. एका नाट्यगृहात चार पियानो आहेत, चारही एकदम लावून हवे असतात. शिवाय गुडघे दुखतात. स्टुलावरून उठबस आता पूर्वीसारखी होत नाही, आणि ऐन वेळी उठता आलं नाही तर तुझीच पंचाईत. तुझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असेलच. तरुण हात बरे.

त्या दोन ओळी मी एका गिऱ्हाइकाकडे छापील प्रतीत पाहिल्या. वाचता येतात मला, वाजवता येत नाहीत. तू म्हणतेस ते खरं असावं.

कार्यक्रम चांगला होवो.

पान्या


२५ फेब्रुवारी

पान्या,

तू गुडघ्यांनी पानं उलटतोस का?

चार पियानो एका आठवड्यात लावून होतात, मला शिकवू नकोस. मामा गेले तेव्हा आलास, मागच्या रांगेत परक्यासारखा बसलास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास. मी तुझ्यासाठी गादी घालून ठेवली होती. आता आपण दोघंच उरलोय त्या खोलीतले. काय अडतंय ते खरं लिही. नाहीतर पुढच्या वर्षी कार्डसुद्धा पाठवू नकोस.

ताई


९ मार्च

ताई,

खरं लिहितो. हे पत्र मी मनात इतक्या वेळा लिहिलंय की आता नुसतं उतरवून काढायचं आहे.

ती चूक नव्हती.

तू चोवीस वर्षांची होतीस. दूरच्या मोठ्या संगीतशाळेचे तिघं परीक्षक पहिल्या रांगेत बसले होते. तुझी निवड झाली की सप्टेंबरात तू जाणार, पाच वर्षांसाठी. अप्पांनी आदल्या दिवशी माळ्यावरची पेटी काढून पुसून ठेवली होती. अप्पांनी माझ्यासमोर कधी ‘निवड झाली तर’ म्हटलं नाही, ‘झाली की’ म्हणायचे.

तू गेल्यावर त्या घरात मी आणि अप्पा. तुला माहीत आहे, अप्पा माझ्याशी कधी बोलायचेच नाहीत. ते तुझ्याशी बोलायचे आणि मी शेजारी बसून ऐकायचो. आमच्या दोघांमध्ये जे काही बोलणं होतं, ते तुझ्यातून जाऊन यायचं. बावीस वर्षांचा घोडा झालो होतो, पण त्या रिकाम्या स्टुलाचा विचार आला की मी उठून खोलीबाहेर जायचो.

त्या दिवशी सकाळी मी पहिल्या पाच पानांचा कोपरा जरासा दुमडून ठेवला. एका मुठीत पाचही पानं यावीत म्हणून. सहाव्या पानाच्या तळाशी तू आलीस, पुढचं पान उलटायचं होतं, आणि मी मूठभर पानं मागं टाकली. तुझ्यासमोर पहिलं पान आलं. तू थांबलीस. सभागृहात कुणीतरी खोकलं. मग तू सातव्या पानापासून पुन्हा सुरू केलंस, पण ते तुझं वाजवणं नव्हतं. परीक्षकांपैकी एकानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. कान चांगले आहेत ना.

नंतर अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “गाढवा, दोन ठिपके दिसले की मागं पळतोस? मी खोडलेलं दिसलं नाही?” मी मान खाली घातली. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण गाढव असणं परवडलं. खरं काय ते कुणालाच कळलं नाही.

पण तुझ्याकडे बघणं जमेना. महिन्याभरात मी घर सोडलं, मिळेल त्या पियानोवाल्याकडे काम धरलं. ज्या घरात एकटा राहायला लागू नये म्हणून हे केलं, तिथं तुलाच अप्पांपाशी अडकवून मी निघून गेलो. तू जगभर वाजवत फिरली असतीस. त्याऐवजी पस्तीस वर्षं पोरांच्या हातून बाळराजे मरताना पाहिलेस.

म्हणून येत नाही. माफी मागत नाही, मागण्यासारखं हे नाहीच.

पान्या


२ एप्रिल

पान्या,

पत्र मिळालं. मला त्यावर पत्रात काही लिहायचं नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि तीनही कागद फाडले.

अठरा तारखेला दुपारी चारला मागच्या दारानं ये. पुढच्या दारानं लोक असतील. काळा कोट असेल तर आण, नसला तर मामांचा आहे, दंडात घट्ट होईल. सभागृहाचा पियानो वरच्या दोन सप्तकांत ओरडतो, वेळ काढून आलास तर तेवढं बघ.

स्टूल मी घरूनच नेणार आहे. तुझंच.

ताई


२७ एप्रिल

ताई,

कार्यक्रमानंतर तुला लोकांनी असा गराडा घातला की मी मागच्या दारानं सटकलो. गाडी गाठायची होती हे खरं आणि पळून गेलो हेही खरं. आता नऊ दिवस झाले. एक गोष्ट आहे, ती विचारल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

आधी हे सांगतो, की गेली अडतीस वर्षं मी रोज पियानो ऐकतो, पण तसं वाजलेलं कधी ऐकलं नव्हतं. तू चुकलीस, दोनदा, चष्मेवाल्याच्या तिसऱ्या भागात. कुणाला कळलं नसेल, मला कळलं. त्यानं काही बिघडलं नाही. शेवटच्या रांगेतल्या त्या दाढीवाल्या रखवालदारानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मी चार वाजता पोचलो तेव्हा तू “आलास?” एवढंच म्हणालीस आणि माझ्या कोटाची कॉलर नीट केलीस. मला वाटलं, हिनं मला माफ केलं नाही, लोकांसाठी म्हणून निभावून नेतेय. स्टुलावर बसलो. पहिली पाच पानं मी नियमानं उलटली, दोन बोटांनी. सहावं आलं.

मग त्या दोन ओळी आल्या. तू म्हणाली होतीस तशीच ती खालची थरथर मोठ्यानं आली, आणि माझ्या अंगावर काटा आला. ताई, मी घरातल्या घरात बसून जन्मभर ऐकलेल्या सोनाटात हे होतं, आणि मला माहीत नव्हतं! मला अप्पा दिसले, तो कप दिसला, आई गेल्यावर पियानोला कुलूप होतं ते दिवस दिसले. आणि मी बसून राहिलो.

समजलं ना तुला? मी बसून राहिलो. या वेळी खरोखर पानं मागं उलटायची होती आणि मी उलटलीच नाहीत. सगळ्या जगात पानं मागं टाकायचं मला एकदाच रीतसर काम दिलं गेलं, आणि मी ते विसरलो. भानावर आलो तोवर तू पहिल्या पानावरचं वाजवत होतीस, दुसऱ्यावरचं, तिसऱ्यावरचं, आणि तुझ्यासमोर सहावं उघडं. तू अडखळली नाहीस. मी घाबरून तुझ्याकडे पाहिलं तर तुझे डोळे मिटलेले होते. सबंध सोनाटाभर तू पानाकडे पाहिलंच नाहीस. मी पुढची पानं उलटत होतो ती नुसती शोभेला.

डोळे अधू झालेत म्हणाली होतीस. ठीक आहे, मला बोलवायला निमित्त केलंस, ते कळलं. पण मग माझ्या मनात दुसरंच येऊन बसलं. बासष्टाव्या वर्षी जिला सगळं पाठ आहे, तिला चोविसाव्या वर्षी नव्हतं?

ताई, त्या दिवशी तू का थांबलीस?

पान्या


६ मे

प्रिय पान्या,

हे तू कधी ना कधी विचारशील याची मला भीती होती, आणि तू विचारत नाहीस याचा रागही यायचा.

पाठ होतं. दोन वर्षं आधीपासून पाठ होतं. मामांचा हट्ट, पाठ असो वा नसो, कागद समोर हवा. तुझं पान मला कधीच लागलं नाही, ना त्या संध्याकाळी, ना त्याआधी. तू शेजारी बसलेला लागायचास. ते निराळं.

त्या दिवशी सकाळी मी सरावाच्या खोलीत बसले होते. पलीकडच्या खोलीत दुसरी एक उमेदवार होती, माझ्याच वयाची असावी. भिंतीतून ऐकू आलं, तीही हीच सोनाटा वाजवत होती. मी वाजवायचं थांबवलं आणि ऐकत बसले. पान्या, ती माझ्याहून चांगली वाजवत होती. थोडीथोडकी नाही. मी जिथं विचार करून हळू वाजवायचे, तिथं ती नुसती वाजवत होती. मामांना मी जेवढी मोठी वाटायचे तेवढी मी नव्हते, हे मला त्या भिंतीपाशी कळलं. पेटी तर पुसून ठेवलेली. मामांना काय सांगू? ‘मला जायचं नाही, मी तेवढी चांगली नाही’? त्यांच्या तोंडाकडे बघून हे म्हणायची हिंमत कुणात होती?

मग संध्याकाळी सहाव्या पानाच्या तळाशी तुझा हात आला. तू नेहमी दोन बोटांनी उलटायचास. त्या दिवशी अख्खी मूठ आली. त्या क्षणी मला कळलं की तू मुद्दाम करतोयस, आणि का करतोयस तेही कळलं. मी डोळे मिटून सातव्या पानावर गेले असते तर परीक्षकांना पत्ताही लागला नसता. पण मी हात उचलले. तू मला अडवलं नाहीस रे. तू दार उघडलंस आणि मी त्यातून पळाले.

इथवर लिहिणं सोपं होतं. आता पुढचं.

मामा तुला सगळ्यांसमोर गाढव म्हणाले, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ‘मामा, मला पाठ होतं, मी आपण होऊन थांबले,’ एवढं एक वाक्य. बोलले नाही. तू महिनाभर माझी नजर चुकवत घरात फिरलास, मी बोलले नाही. तू बॅग घेऊन निघालास, मी फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, ‘स्वेटर घेतलास का?’ मामा शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, “त्या गाढवानं तुझं आयुष्य घालवलं.” मी त्यांच्या उशीची खोळ बदलत राहिले. लोक कीव करायचे, ‘हिची केवढी संधी गेली, भावाच्या चुकीनं.’ त्या कीवेची मला सवय झाली होती. तुझ्या चुकीच्या आडोशाला मी अडतीस वर्षं आरामात राहिले. मुलांना शिकवणं मला मनापासून आवडलं, मामांबरोबर राहणं आवडलं. मी अडकले नव्हते, मी राहिले होते. घरातून गेलास तो तू.

आणि जानेवारीत मी तुला काय लिहिलं? ‘चूक कुणाच्याही हातून होते, मी केव्हाच विसरले.’ मोठ्या मनानं माफ करून मोकळी! तुझं मार्चचं पत्र वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. तू सगळं लिहिलंस, कोपरा दुमडल्याचंसुद्धा. मला तेव्हाच लिहायला हवं होतं. मी म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, नाहीतर हा यायचा नाही. बघ, त्यातही आधी माझाच कार्यक्रम.

म्हणून म्हणते, माफ करू नकोस. आपल्या घरात सगळ्यांनी सगळ्यांना गप्प बसून माफ केलं, त्यातच सगळं गेलं. तू माझ्यावर रागव. तुझा तो हक्क आहे, आणि तो मी अडतीस वर्षं दाबून ठेवला.

तुझी,
ताई


१२ मे

ताई,

तुझं पत्र सहा वेळा वाचलं. पहिल्यांदा रडलो, दुसऱ्यांदा हसलो, आणि तिसऱ्या खेपेपासून जो राग यायला लागलाय, तो थांबायचं नाव घेत नाही. बायको म्हणते, तुमचा आवाज लग्नानंतर पहिल्यांदा चढलेला ऐकला.

पत्रात हा राग मावायचा नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं रागवायला येतोय. चार दिवस तरी लागतील. गादी घालून ठेव.

पान्या